वाटीभर दूध

"कुणी हात लावू नका, काटा थांबू द्या," सुमनताई म्हणाल्या.

कुरुळीच्या अंगणवाडीत छताच्या हुकाला वजनकाटा टांगला होता. त्याच्या झोळीत साडेचार महिन्यांचा आयुष पाय झाडत होता आणि त्याची आजी कस्तुरा खाली उभी राहून, मान वर करून आकडा वाचत होती. वाचायला ती पंचावन्नाव्या वर्षी शिकली. याच खोलीत, संध्याकाळच्या वर्गात, सुमनताईंच्याच हाताखाली. तेव्हापासून दिसेल तो आकडा मोठ्याने वाचल्याशिवाय ती पुढे सरकत नसे. कंपनीच्या बसचा नंबर, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, काहीही. नवरा धोंडीबा म्हणायचा, "हिला शिकवलं आन् माझ्या कानाला काम लावलं."

आज तिने आकडा वाचला, पण उच्चारला नाही.

"पाच किलो सातशे," सुमनताईंनीच सांगितलं. "मागच्या महिन्यात पाच सहाशे होता. अख्ख्या महिन्यात शंभरच ग्रॅम?" त्यांनी आयुषच्या वाढीच्या कार्डावर ठिपका दिला आणि रेघ जोडली. इतके दिवस हिरव्या पट्ट्यातून चढत आलेली रेघ आडवी झाली आणि पिवळ्या पट्ट्यात शिरली.

आयुषची आई दीक्षा कार्डाकडे बघत राहिली. गुरुवार म्हणजे तिच्या सुट्टीचा दिवस, म्हणून ती आली होती. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरी बांधायच्या लाइनवर ती कंत्राटी कामगार होती. बाळ साडेतीन महिन्यांचं झालं तशी ती पुन्हा कामावर रुजू झाली होती. खाडा न करता सहा महिने भरले तर पर्मनंटच्या यादीत नाव लागेल, असं सुपरवायझरने सांगितलं होतं.

"माझंच दूध कमी पडतंय ताई," ती म्हणाली.

"तू खातेस काय ते सांग आधी."

"अळिवाची खीर देते, डिंकाचा लाडू देते," कस्तुरा मध्येच म्हणाली. "बाजरीची भाकर, शेपूची भाजी. बाळंतिणीचं समदं करते मी."

"आणि केळं?"

"थंड असतंय."

"दही? डाळ?"

"दही आंबट, डाळ वातूळ. पोराच्या पोटात धरतंय."

"पाणी तरी पोटभर पिऊ देता का काकू, का तेही घोट मोजून?" सुमनताई हसल्या, पण पेन खाली ठेवून बोलल्या. "नऊ तास उभं राहून काम करते ही. आपण दोनदा जेवतो, तर हिने चारदा जेवायचं. डाळ, भाजी, फळ, दही, अंडं, घरात असेल ते सगळं. तहान लागली की पाणी. पंधरा दिवसांनी पुन्हा आणा बाळाला. बरं, ड्यूटीवर जाताना पिळून ठेवतेस ते दूध पितो ना?"

"पितो की. घरी येते तेव्हा वाटी रिकामीच असते," दीक्षा म्हणाली.

कस्तुराने आयुषला झोळीतून उचललं आणि त्याचं टोपडं नीट करत बसली. टोपडं नीटच होतं.

पहाटे साडेचारला दीक्षा उठायची. स्टीलची वाटी आणि झाकण उकळून घ्यायची, हात धुवायची आणि भिंतीकडे तोंड करून दूध पिळायची. मग बाळाला पाजून, वाटी फ्रीजमध्ये ठेवून सव्वापाचला कंपनीची बस गाठायला फाट्यावर जायची. सुमनताईंनीच तिला हे शिकवलं होतं. गरम पाण्यात वाटी धरायची, दूध कोमट झालं की चमच्याने पाजायचं.

कस्तुराने एकदाही ते पाजलं नव्हतं.

अंगाबाहेर काढलेलं दूध बाळाला बाधतं, हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं. त्यातून फ्रीजमधलं, म्हणजे बर्फासारखं गार. पण आईचं दूध मोरीत ओतणं हेही पाप. म्हणून दारात रंगाच्या जुन्या बादलीत लावलेल्या कढीपत्त्याच्या बुडाशी ती वाटी रिकामी करायची, धुवायची आणि पालथी घालायची. आयुष रडला की त्याला गुटी उगाळून द्यायची, खडीसाखरेचं कोमट पाणी द्यायची, फारच रडला तर पाणी घातलेलं गाईचं दूध चमचाभर. त्याचं पोट टम्म व्हायचं आणि तो झोपायचा. दुपारी तीनला दीक्षा धावत घरी यायची, तर त्याला भूकच नसायची. थोडं ओढायचा आणि मान फिरवायचा.

अंगणवाडीतून आल्यापासून मात्र कस्तुराने सुनेचं पथ्य मोडलं. एवढं तिला पटलं. राबणाऱ्या बाईला जेवण लागतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. डब्यात घट्ट वरण आलं, उकडलेलं अंडं आलं, केळी आली. दीक्षाच्या गालावर जरा तकाकी आली. आठवड्याभरात पहाटेची वाटी काठोकाठ भरू लागली.

कढीपत्त्याला नवीन पालवी फुटली. धोंडीबा बाजेवर बसून म्हणाला, "अगं, ह्या झाडाला काय खुराक देतीस? बादली फोडून बाहीर यील ते. आन् आपला गडी बघ, पापडावानी झालाय."

"गप बसा तुमी," कस्तुरा म्हणाली. रोजच्यापेक्षा जरा जास्तच जोरात.

पंधरा दिवसांनी काटा टांगला. पाच किलो साडेसातशे.

त्या संध्याकाळी दीक्षा जेवली नाही. तिचा नवरा प्रितम कामावर दुसऱ्या पाळीला गेला होता. धोंडीबा विहारात गेला होता. दीक्षाने वहीतला कागद फाडला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि बाळाला घेऊन आत आडवी झाली. कागद ताटाच्या फळीवर राहिला. अक्षर दिसलं की वाचायचं, ही कस्तुराची खोड. तिने चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचू लागली.

मा. साहेब, मी दीक्षा प्रितम कांबळे. माझे दूध माझ्या बाळाला पुरत नाही. त्यामुळे बाळाची वाढ होत नाही. तरी मला उद्यापासून कामावरून कमी करावे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिने नुसती अक्षरं जुळवली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा बोट दुसऱ्या ओळीवर थांबलं आणि तिथून हलेना.

शेजारच्या निघोजे गावचा मळा तिला आठवला. तेव्हा तिथे कारखाने नव्हते, कांदा होता. ती एकोणीस वर्षांची, पहिली मुलगी चार महिन्यांची, घरी सासूपाशी. दिवसभर खुरपताना दूध दाटायचं, चोळी भिजायची, काखेत गाठी यायच्या. मग बाया म्हणायच्या, जा, बांधावर बोरीच्या बुडाशी पिळून ये, दूध वाटंवर सांडू नये. ती रोज पिळून यायची. घरी सासू पोरीला गुळाचं पाणी पाजायची. पोर वाळत गेली. सगळे म्हणाले, कस्तुराचं दूध निकस. तिनेही तेच खरं मानलं. पोर सहा महिन्यांचीही झाली नाही. त्या वर्षी बांधावरची बोर मात्र वाकेपर्यंत लगडली होती, आणि कस्तुराने तिचं एकही बोर तोंडात घातलं नव्हतं.

चाळीस वर्षं ती गोष्ट तिच्याजवळ होती. पण ती अशी सरळ ओळीत लावून तिने कधी वाचली नव्हती.

ती आत गेली. दीक्षा जागीच होती.

"दीक्षा, उठ जरा."

"काय झालं आई?"

"हे खोटं हाय." कस्तुराने कागद पुढे धरला. "तुझं दूध पुरत व्हतं. मीच त्याला पाजत न्हवते."

दीक्षा उठून बसली. "म्हणजे?"

"काढलेलं दूध बाधतंय म्हनून मी ते वतून देत व्हते. कढीपत्त्याला."

"रोज?"

"रोज."

बाळाला खाली ठेवून दीक्षा दारात गेली आणि त्या हिरव्यागार झाडासमोर उभी राहिली. कस्तुराला वाटलं, आता ही बादली उचलून आपटेल. आपटली असती तर बरं झालं असतं. पण दीक्षा आत आली, तिने कागदाचे चार तुकडे केले, भात वाढून घेतला आणि पाठ करून जेवली. जेवताना रडत होती. तरी दोनदा भात घेतला.

मग ती सासूशी बोलेनाशी झाली. पण दुसऱ्या पहाटे तिने फ्रीजमध्ये वाटी ठेवली आणि दारातूनच, मागे न बघता म्हणाली, "गरम पाण्यात धरा. वरचं पाणी आणि गुटी पूर्ण बंद. पाजताना त्याला आडवा धरू नका."

"न्हाई धरत," कस्तुरा म्हणाली.

पहिला चमचा आयुषने थुंकून टाकला. दुसरा हनुवटीवरून ओघळला. धोंडीबा बाजूला बसून बघत होता. "आजवर लबाडी पाजलीस, आता खरं पाजतीस, तर त्याला चव कशी कळंल?" तो म्हणाला. तो हे हसत म्हणाला, आणि त्याच्या हसण्यात जे होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. वाळून गेलेली ती पहिली मुलगी त्याचीही होती. मग त्याने मांडीवर उशी घेतली आणि आयुषला त्या उशीला टेकवून बसता धरलं. तिसरा चमचा गेला. चौथा गेला. अर्ध्या तासाने वाटीचा तळ दिसला.

त्यानंतर वाटी पाजायचा एक दिवसही चुकला नाही. भरल्या पोटी झोपून आयुष भुकेने उठायचा, आणि तीन वाजता दीक्षाच्या पायरीवरच्या पावलांच्या आवाजानेच हातपाय नाचवायचा. ती पदर सावरून बसेपर्यंत त्याला दम निघायचा नाही. "अरे हो हो, कंपनीत तरी एवढी घाई नसते," दीक्षा म्हणायची. मग एका दुपारी ती त्याला पाजता पाजता म्हणाली, "आई, दही आहे का? जरा द्या," आणि कस्तुराने वाटी भरून दही दिलं. बोलणं पुन्हा सुरू झालं ते असं.

महिन्याने, पुढच्या वजनाला, सुमनताईंनी काटा थांबू दिला आणि कस्तुराकडे पाहिलं. "वाचा काकू."

"सहा किलो... पाचशे!" कस्तुरा इतक्या मोठ्याने म्हणाली की ओळीतली दुसरी बाळं रडू लागली.

"ठिपका तुम्हीच द्या."

कस्तुराने पेन धरलं. तिने ते जोर देऊन टेकवलं, म्हणून ठिपका जरा मोठा पडला. पण पडला तो हिरव्या पट्ट्यात, अगदी काठावर, तरी आत. रेघ दीक्षाने जोडली.

"काय जादू केली?" सुमनताईंनी विचारलं.

कस्तुरा तोंड उघडणार, तेवढ्यात दीक्षा म्हणाली, "आईंनी पाजलं." आणि झोळीतून बाळ काढून तिने ते सासूच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयुष पिऊन झोपला. कस्तुराने रिकामी वाटी घेतली, तिच्यात घोटभर पाणी घातलं आणि बोटाने आतून फिरवलं. पाणी जेमतेम पांढुरकं झालं. ते घेऊन ती दारात आली. झाडाची दोन पानं पिवळी पडली होती. ती खुडून तिने ओच्यात टाकली, खाली बसली आणि वाटीतलं पाणी बुडाशी सावकाश ओतलं.

"एवढंच गं बाई आता," ती हळूच म्हणाली.

मग वाटी पालथी घालून ती डाळ शिजत टाकायला आत गेली.