शंभर एकरातलं अंगुस्तान

चाळीस वर्षं इंग्लंडच्या नॉर्फकमधल्या याच गल्ल्यांतून टपाल वाटलं, तेव्हा वाटायचं की इथली इंच न् इंच जमीन आपल्या पायाखालची आहे. हा गर्व मिसेस टडनमच्या शेतानं उतरवला. त्याबद्दल त्या शेताचे आभारच मानायला हवेत.

माझी बायको नोरीन चार वर्षांपूर्वी गेली, त्या हिवाळ्यात मी धातू शोधायचं यंत्र घेतलं. घरात भिंती बघत बसण्यापेक्षा बरं. पण मालकानं हो म्हटल्याशिवाय कुणाच्या शेतात पाऊल टाकता येत नाही, आणि अकरा दारांवरून मला वाटेला लावलं. बाराव्या दारात मिसेस टडनम होत्या.

"खड्डे बुजवशील?"

"हो."

"फाटक लावशील?"

"हो."

"सापडेल त्यातलं निम्मं माझं, ठाऊक आहे ना? मग जा की. आणि चहाला ये रे पोस्टमन, तोंड बघ किती उतरलंय."

त्या चहाचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. दर शनिवारी मी त्यांच्या टेबलावर माझी कमाई ओतायचो: गंजके नट, काडतुसांची टोपणं, एखादं झिजलेलं नाणं. कोटाचा डावा खिसा फाटका, त्यातून निम्मं वाटेतच गळायचं. नोरीननंतर तो कुणी शिवलाच नव्हता. "एका हातानं शोधतोस, दुसऱ्या हातानं सांडतोस," त्या म्हणायच्या.

यंदा त्यांना शहाऐंशी वर्षं झाली. शेत विकून त्या ऑक्टोबरात मुलीकडे लीड्सला जाणार होत्या. ते सांगतानाच त्यांनी पहिल्यांदा अंगुस्तानाचा विषय काढला.

"पाच वर्षांची होते. सुगीत बाबांचा चहा घेऊन मी आणि आई शेतात जायचो. आईचं शिवताना बोटाला घालायचं चांदीचं अंगुस्तान मी गुपचूप बोटात घातलं होतं. ओकच्या झाडाखाली बाबांनी चहा प्यायला, मी घरी आले तर बोट रिकामं! आई म्हणाली, शंभर एकरात गेलं, आता कसलं मिळतंय."

रस्त्यालगतचं ते अवाढव्य रान मी महिनाभर विंचरलं. दुसरं कुठलं शंभर एकर असणार? साठच्या दशकात कुंपणं उपटून सगळ्या तुकड्यांचं एक शेत झालं होतं, ओक कधीच तोडलेला. हाती आला एक चमचा, तोही वाकडा.

शेवटी जिल्ह्याच्या दप्तरखान्यात गेलो आणि चर्चच्या करासाठी १८४० साली काढलेला नकाशा मागवला. प्रत्येक तुकड्यावर आकडा, सोबतच्या वहीत त्याचं नाव. बोट फिरवत खाली आलो. तुकडा दोनशे चौदा, 'शंभर एकर'. क्षेत्रफळ: पाव एकर!

मी इतक्या मोठ्यानं हसलो की टेबलामागच्या बाईंनी चष्म्यावरून डोळे वटारले. अरे, आमच्याच गावात साडेसहा फुटी लोहाराला सगळे पिटुकला म्हणत. टीचभर तुकड्याला शंभर एकर म्हणायची आमच्या शेतकऱ्यांची जुनी खोड, आणि मी गाढव ते खरं मानून बसलो!

तुकडा पातळ कागदावर गिरवला. चर्चचा मनोरा आणि गल्लीचं वळण धरून तो आजच्या नकाशावर बसवला. चाळीसेक वर्षांनंतरच्या मोठ्या नकाशावर कुंपणातलं झाड न् झाड टिपलेलं असतं, त्यात त्या कोपऱ्यात एकच ओक होता. जागा निघाली डुकरांच्या जुन्या गोठ्यामागे. तिथल्या पत्र्यांमुळे यंत्र नुसतं बोंबलायचं, म्हणून मी तिथे कधी खोदलंच नव्हतं.

सोमवारी नांगर लागणार होता. शनिवारी सकाळपासून पत्रे उचलत बसलो. तीनच्या सुमाराला एक स्वच्छ, गोड आवाज आला. वीतभर खाली, मातीनं भरलेलं, एवढंसं अंगुस्तान.

मिसेस टडनमनी ते एप्रनला पुसलं आणि कडेवरच्या पोच्यावर नख फिरवलं.

"आमच्या कुत्र्याचा दात हा," त्या म्हणाल्या. "एका शब्दानं बोलली नाही रे आई मला. जन्मभर पितळेचं घालून शिवत राहिली. बोट हिरवं व्हायचं तिचं."

"मिसेस टडनम, हे पूर्ण तुमचं. माझं निम्मं मला नको."

"वा रे वा! ठरलं ते ठरलं. काढ तो कोट."

"आत्ता?"

"नाहीतर काय लीड्सहून येऊ?"

सुजलेल्या बोटांत अंगुस्तान जाईना. शेवटी करंगळीच्या टोकावर बसलं. त्यांनी दोनदा सुई पाडली, टाके वेडेवाकडे आले, पण खिसा शिवूनच उठल्या.

"घे. हे तुझं निम्मं."

त्या दिवशी पहिल्यांदाच फाटक लावायचं विसरलो आणि अर्ध्या वाटेवरून परत आलो. ते लावून खिशात हात घातला, तर चार वर्षांनी तो तळाला टेकला.