सातच्या ठोक्याची मुंगी

मित्रांनो, माझ्यावरची धूळ फुंकू नका, शिंक तुम्हालाच येईल! मी एक जुना संगणक आहे. एका शिंप्याच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या टोपलीशेजारी माझा मुक्काम असतो. माझ्या पोटात मात्र एक अख्खं जग आहे. त्यात डोंगर आहेत, समुद्र आहे, आणि शेकडो माणसांनी एकेक वीट रचून बांधलेली गावं आहेत. ही माणसं आपापल्या घरी बसून माझ्या जगात खेळायला येतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. उमेदीची वर्षं एका शाळेत गेली. तिथे 'नवा संगणक, नवा संगणक' म्हणून माझं काय कौतुक! पुढे मी हळू झालो आणि थेट भंगारात गेलो. शिंप्याने मला तिथून उचललं, पुसलं आणि खेळाचा सर्व्हर केलं. तोच त्या जगाचा व्यवस्थापक. नियम करणारा तो आणि नियम मोडणाऱ्याला बाहेर काढणाराही तोच.

मनाने मात्र तो सरळ होता. शिवण चुकली तर उसवता आली पाहिजे, असं तो म्हणे. म्हणून त्याने जगाच्या दारावरच्या पाटीवर एक नियम लिहिला होता: बंदी घातलेल्याला सात दिवसांत एकदा दाद मागता येईल, आणि ती दाद बंदी घालणारा ऐकणार नाही. मग ऐकणार कोण? तर दुकानात काज-बटणं करणारी त्याची वहिनी. तिला खेळातलं ओ की ठो कळत नसे. शिंपी म्हणे, म्हणूनच ती बरी.

आमच्या जगात मुंगी नावाची एक खेळाडू होती. खऱ्या आयुष्यात ती बसची कंडक्टर. तिचा भाऊ दूरदेशी राहत असे. वडिलांच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून दोघांचं बिनसलं होतं. फोन केला की दुसऱ्या वाक्याला भांडण पेटे. पण माझ्या जगात तीन वर्षं दोघं मिळून एक दीपगृह बांधत होती. मुंगी सातच्या ठोक्याला येऊन दिवे लावी, सव्वासातनंतर भाऊ येई. विटा रचता रचता दोघं हळूहळू बोलू लागली होती. मी हे सगळं पाहत होतो आणि थक्क होत होतो.

एके दिवशी ते दीपगृह सपाट झालं. जुनी नक्कल ठेवायला माझ्या पोटात जागाच नव्हती, त्यामुळे गेलं ते गेलं. खेळायला येणाऱ्या एका पोस्टमनने सांगितलं की सहाला ते उभं होतं आणि सव्वासहाला नव्हतं. शिंप्याने मला विचारलं, त्या वेळात तिथे कोण होतं? मी माझ्या नोंदी दाखवल्या. मुंगी, एकटी मुंगी, पंधरा मिनिटं तिथेच घुटमळत होती. शिंप्याने तिला कायमची बंदी घातली.

भाऊ रोज यायचा, त्या सपाट जागेवर थोडा वेळ उभा राहायचा आणि निघून जायचा. बहिणीला फोन करायची त्याची हिंमत होत नसावी. हे पाहून माझा जीव तुटत होता.

सहाव्या दिवशी मुंगीचा अर्ज आला. त्यात एवढंच होतं: "सहाला मी बसमध्ये तिकिटं फाडत असते. मी माझंच दीपगृह का पाडीन? मला माझ्या भावाला भेटायचंय."

वहिनीने चष्मा लावला आणि माझ्या तीन वर्षांच्या नोंदी उघडल्या. दोन गिऱ्हाइकं तशीच बसून राहिली. बोट लावून वाचता वाचता ती थांबली.

"भाऊजी, ही बाई तीन वर्षं सातच्या ठोक्याला येतेय. त्या दिवशीच सहाला कशी आली? आणि सांगणारा पोस्टमन सहाच्या यादीत का नाही?"

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बरोबर एक तास मागे होतो.

मित्रांनो, गुन्हेगार मी होतो. माझ्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी असते. वीज गेली तरी ती घड्याळ चालू ठेवते. ती नुकतीच संपली होती, पण कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दीपगृह पडलं त्या दुपारी तासभर वीज गेली आणि तेवढा वेळ माझं घड्याळ थांबलं. म्हणजे पोस्टमनचे सहा ते माझे पाच. वहिनीने पाचची नोंद उघडली. तिथे नाव होतं शिंप्याचं. जगाच्या दुसऱ्या टोकाची जळकी झाडी काढायला त्याने हुकूम टाइप केला होता. घाईत जागेच्या आकड्यातलं एक शून्य राहून गेलं, आणि न पाहताच तो गिऱ्हाइकाचं माप घ्यायला उठला होता.

गिऱ्हाइकांना यातलं काही कळलं नव्हतं. ही गोष्ट फक्त त्या दोघांना आणि मला माहीत होती. एक कळ दाबली असती तर माझी नोंद पुसली गेली असती. मला वाटलं, आता हा ती दाबणार.

शिंप्याने जगाच्या दारावरच्या पाटीवर लिहिलं, 'दीपगृह मी पाडलं. मुंगी निर्दोष आहे. शहानिशा न करता मी तिला शिक्षा दिली.' मग त्याने मुंगीची बंदी उठवली, आणि चुकून नासधूस करणाऱ्याला सात दिवसांची बंदी, या नियमाप्रमाणे स्वतःवरच ती घातली. मी शाळेत राहून आलोय, मोठमोठी माणसं पाहिलीत, पण असं काही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुंगी आली. भाऊ आधीच येऊन थांबला होता. त्यांच्या मागे ओळीने साठ-सत्तर खेळाडू उभे होते, प्रत्येकाच्या हातात वीट. मुंगीने पाटी वाचली आणि लगेच शिंप्यासाठी दाद मागितली, की बांधायला माणसं कमी पडताहेत, त्यांना आत घ्या. वहिनीने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "सात म्हणजे सात. आठव्या दिवशी येतील." शिंपी मान खाली घालून काज करत बसला. आठव्या दिवशी वीट घेऊन तो ओळीत सगळ्यांच्या मागे उभा राहिला.

मला नवी बॅटरी मिळाली आहे. मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांची काळजी घ्या, आणि आमच्या सांगण्यावरून कुणाला घराबाहेर काढण्याआधी भिंतीवरचं घड्याळही बघा. आमच्या दुकानात तर आता रोज संध्याकाळी हातातलं काम थांबतं. माझ्या पडद्यावर मुंगीचं नाव उमटतं, वहिनी भिंतीकडे बघते आणि म्हणते, "सात वाजले." मग सगळे पुन्हा कामाला लागतात.