अल्बनचे ताट

पतिनिधनानंतर बांधून घेतलेल्या गलबताला एझेल्मा एनो यांनी ‘दुसरा नवरा’ असे नाव दिले, तेव्हा पाद्रीबाबांनी त्यावर पवित्र पाणी शिंपडण्यास साफ नकार दिला. बाईंनी रम शिंपडली. गलबताची काही तक्रार नव्हती.

त्याला वीस वर्षे लोटली. आता बाई अठ्ठ्याहत्तरच्या झाल्या होत्या, आणि त्यांनी सुकाणू भाच्याच्या, कॉसनेलच्या, स्वाधीन करावे, असे करियाकू बेटावरच्या साऱ्या गोतावळ्याने परस्पर ठरवले होते. बाईंनी पैज लावली: करियाकू ते बेक्विया, मधली सगळी बेटे मागे टाकत, केवळ शिडावर आणि सूर्य बुडण्याआधी. वाटेत कुणाच्या इंजिनाच्या होडीचा दोर घ्यावा लागला, तर सुकाणू कॉसनेलचे.

युनियन आणि मेरो ही बेटे मागे पडली. कॅन्वानपाशी मात्र वारा मेला आणि शीड ओल्या चादरीसारखे लोंबू लागले.

“मावशी, ती बघ मच्छीमारांची होडी. हाक मारू?” कॉसनेलच्या आवाजात नको तितका उत्साह होता.

“मार की. आणि पोहत जा तिच्याबरोबर.”

“अल्बनकाकांचं ताट ठेवलं होतंस ना?”

बाईंनी शिडाचा दोर विनाकारण ताणला. प्रवासाच्या आदल्या रात्री घरातल्या गेलेल्यांसाठी ताट वाढायचे, आणि उजाडेपर्यंत जिवंत माणसाने त्याला शिवायचे नाही, ही तिथली रीत. बाईंनी तांबोशी तळली होती. इतकी सुरेख, की उजाडण्याआधी त्यांनीच ती संपवली. जिवंतपणी प्रत्येक माशाला नावे ठेवणाऱ्या माणसासाठी ती वाया का घालवावी? मक्याच्या पिठाचा कूकू तेवढा त्याला ठेवला. सकाळी तोही नाहीसा झालेला पाहून, नवरा प्रथमच मुकाट्याने जेवला, असे त्यांना वाटले होते.

आता अल्बनच वारा अडवून बसला होता. होडी दूर निघाली. बाईंनी शिडाकडे तोंड केले.

“अल्बन, मासा मी खाल्ला. चुकले. एकदाच सांगतेय, नीट ऐक.”

शीड हलले नाही.

“कूकू तर मिळाला ना तुला, हावरटा!”

कॉसनेल खोकला. “मावशी… कूकू मी खाल्ला.”

“म्हणजे त्या बिचाऱ्याला नुसते काटे? टाक! तुझं जेवण, माझं जेवण, सगळं समुद्रात टाक. रमची बाटलीसुद्धा.”

“बाटली कशाला, मावशी?”

बाईंनी केवळ पाहिले. बाटली गेली.

अर्ध्या तासाने शीड फुगले, आणि असे फुगले की कॉसनेलची टोपीही अल्बनला पोचली. बेक्वियाच्या बंदरात शिरताना सूर्याची बोटभर कड अजून पाण्यावर होती.

“घरी सांगू का सगळं?” कॉसनेलने विचारले.

“सांग ना. मेलेल्याच्या ताटातलं चोरलंस म्हणून सांग.”

“आणि तू?”

“माझा नवरा होता तो. चाळीस वर्षं त्याच्या ताटातलं खात आलेय मी.”

बाईंच्या पोटात भुकेने मोठा आवाज झाला. कॉसनेलने तो ऐकला नाही असे दाखवले आणि अदबीने विचारले, “नांगर कुठे टाकू, मावशी?”