उरलेले दोन भाग

मंगळवारी दुपारी डेल्बर्ट धान्याच्या कोठीवर मक्याचा ट्रक तोलत होता, तेव्हा फोन आला. त्याची बायको मार्लिस युनिव्हर्सिटीच्या पार्किंगमध्ये कोसळली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. ट्रकवाला खाली उतरून, टोपी काढून शेजारी उभा राहिला, तेव्हा कुठे डेल्बर्टला ते खरं वाटलं.

मार्लिसने बावीस वर्षं शाळेची बस चालवली होती. पन्नाशी उलटल्यावर तिने शाळेतल्या मुलांसाठी मानसतज्ज्ञ व्हायचं मनावर घेतलं आणि युनिव्हर्सिटीत शिकायला लागली. मुलांच्या बुद्धिमत्तेच्या चाचण्या घ्यायचा सराव लागायचा, मग ती डेल्बर्टलाच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवायची. लाल-पांढरे ठोकळे पुढ्यात ठेवायची, प्रश्न विचारायची.

“बरोबर आलं का गं?”

“ते सांगायचं नसतं. छान मेहनत घेतोयस.”

“तीस वर्षांत पहिल्यांदा कौतुक केलंस, तेही चाचणीच्या पुस्तकात तसं म्हणायला लिहिलंय म्हणून!”

“गप रे डेल. घड्याळ चालू आहे.”

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, चाचणीचे दोन भाग बाकी असताना तिने ठोकळ्यांची पेटी मिटली. डोकं दुखत होतं. “उरलेलं उद्या घेऊ,” म्हणाली.

तीन आठवड्यांनी तो पेटी परत द्यायला युनिव्हर्सिटीत गेला. पुढच्या विद्यार्थिनीला ती हवी होती. आत चाचणीचे अर्धवट भरलेले कागद होते. उत्तरं त्याची, अक्षर तिचं. ते कागद त्याला हवे होते.

“नाही देता येत हो,” तिच्या प्राध्यापक हेंड्रिक्सबाई म्हणाल्या. “यातले प्रश्न बाहेर जाता कामा नयेत. असे कागद आम्ही नष्ट करतो.”

“प्रश्न ठेवा तुमच्याकडे. मला कुठे त्यांची उत्तरं येत होती!”

बाई हसल्या. मग एकेक पान उलटत शेवटच्या पानावर थांबल्या. तिथे निरीक्षणं लिहायची जागा होती.

“यात प्रश्न नाहीत. आणि हे तुमच्याबद्दलच आहे.” त्यांनी कात्री घेऊन तेवढा भाग कापून दिला.

डेल्बर्टने चष्मा लावला. ‘उत्तर येत नसलं की विनोद करतो. कंटाळला तरी उठत नाही. माझं डोकं दुखतंय हे मी सांगायच्या आधीच ओळखलं.’

त्याने ते दोनदा वाचलं, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. बाईंनी ठोकळे मोजून घेतले. नऊच्या नऊ होते.

चाचणीचे दोन भाग मात्र घ्यायचे राहिले.