कपाळाला भोक पडलेलं मापटं

मित्रांनो, मी एक जुनं, नापास झालेलं हेल्मेट आहे. फौजेसाठी घडवलेलं, पण फौजेत कधीच न गेलेलं. माझ्या कपाळावर गोळीचं भोक आहे. मला काळजी करायची खोड आहे, तेव्हा माझं बोलणं जरा रडकं वाटलं तर सांभाळून घ्या.

एका कंपनीच्या कारखान्यात धाग्यांचे थर डिंकानं चिकटवून, दाबून मला बनवलं. हिरवा रंग चढला तेव्हा माझी ऐट काय विचारता! पण आधी चाचणी होती. ती घेणारे लेफ्टनंट कर्नल रत्नपाल आपल्या राजेश्वर गावचे. जवान वाळवंटातही उभा राहतो, म्हणून त्यांनी मला आधी भट्टीत तापवलं आणि मग गोळी झाडली. तापून माझा डिंक मऊ पडला होता. गोळी आरपार गेली. साहेबांनी अहवालात ‘नापास’ लिहिलं आणि माझ्याबरोबरचा सगळा माल परत गेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

निवृत्त होताना साहेबांनी रीतसर परवानगी काढून मला आठवण म्हणून घरी आणलं. त्यांच्या आई चांगुणाबाईंना कसली आठवण अन् कसलं काय! त्यांनी भोकात चिंधी कोंबली आणि मला तूरडाळीचं मापटं केलं. शेजारच्या सुमनबाई डाळ न्यायला येत. त्यांचा हरिओम सरहद्दीवर जवान आहे. "आमच्या हरिओमलाबी असलीच टोपी असंल का वो?" असं त्या विचारत, आणि माझा जीव खालीवर होई.

निवृत्तीनंतर वर्षभर साहेबांना परवानगीशिवाय कंपनीत नोकरी धरता येणार नव्हती. ते वर्ष संपलं आणि आठवड्याच्या आत अंगणात गाडी आली. आले होते ब्रिगेडियर अंकुशराव, साहेबांचे एकेकाळचे वरिष्ठ. निवृत्त होऊन ते आता माझ्याच कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. साहेबांसाठी त्यांनी नोकरी आणली होती. हैदराबादला घर, गाडी, स्वतंत्र केबिन. घरी बसून साहेबांचा जीव आंबला होता. त्यांचा चेहरा खुलला.

मग अंकुशरावांनी अट सांगितली. कंपनीच्या नव्या हेल्मेटांची चाचणी जवळ आली होती, आणि ती घेणारा मेजर साहेबांच्याच हाताखाली शिकलेला होता. तापवायची पायरी तेवढी गाळ, असं साहेबांनी त्याला फोनवर सांगायचं होतं.

मित्रांनो, कोनाड्यात मला कापरं भरलं. डिंक जुनाच असणार, नाहीतर तापवायला कोण भितंय? साहेबांनी फोन हातात घेतला. मला ओरडताही येत नाही हो.

चांगुणाबाई चहा घेऊन आल्या होत्या. दारातच त्यांनी सगळं ऐकलं. कप ठेवून त्यांनी मला उचललं, चिंधी उपसून काढली आणि मला लेकाच्या डोक्यावर पालथं घातलं. तळाशी राहिलेली डाळ साहेबांच्या खांद्यावर सांडली.

"कर आता फोन. कामून थांबलास?" त्या म्हणाल्या. "सुमनच्या लेकराला हीच टोपी देणार हायत नव्हं?"

साहेबांनी भोकात बोट घातलं. ते त्यांच्याच कपाळाला लागलं. मग त्यांनी फोन केला.

"माझा जुना अहवाल काढून वाच," ते मेजरला म्हणाले, "आणि नवी हेल्मेटं पुरती तापव."

अंकुशराव चहा न घेताच उठले. नोकरी गेली. साहेब हल्ली चिडचिड करतात, एकच पेपर दोनदा वाचतात. त्यांना ती नोकरी मनापासून हवी होती, हे मला ठाऊक आहे.

मला आनंद व्हायला हवा. पण ती गाडी बीदरच्या रस्त्याला लागलेली मी पाहिली. निवृत्त साहेब बीदरला आहेत, गुलबर्ग्यालाही आहेत. मेजरच्या वरच्या कुणाला तरी ओळखणारा एखादा त्यांतही असेलच. त्याच्या घरात डाळ कशानं मोजतात, कोण जाणे.

मित्रांनो, मोठेपणी दुसऱ्याच्या डोक्यावर जायच्या वस्तूला पास म्हणायची वेळ तुमच्यावर आली, तर ती आधी आपल्या डोक्यावर घालून बघा. एवढं माझं ऐका.

काल सुमनबाई डाळ न्यायला आल्या होत्या. हरिओमचा फोन आला होता म्हणे. त्याला लवकरच नवं हेल्मेट मिळणार आहे, म्हणून त्या फार खूश होत्या.