एकाच नावाची जागा

ताजुद्दीन परकाराला कमान बांधता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तसा गवंडी म्हणून तो पक्का होता. दापोलीपासून हर्णैपर्यंत चिऱ्याची जेवढी घरं त्याने उभी केली, त्यातल्या एकाही भिंतीला ओळंबा लावून कोणी खोट काढली नव्हती. पण आपल्याकडे दारावर लाकूड नाहीतर काँक्रीट आडवं टाकलं की झालं, कमानीचे लाड करतो कोण? आणि नशीब असं, की जेद्द्यात अबू झैदने त्याला पहिलाच प्रश्न विचारला तो कमानीचा.

"कमान येते?"

"येते," ताजुद्दीन म्हणाला.

खोटं बोलण्यात तो काही तरबेज नव्हता. पण मुंबईच्या एजंटाने सगळ्यांना एकच पढवून पाठवलं होतं. साहेब काहीही विचारो, येतं म्हणायचं. नळजोडणी येते? येते. लाद्या बसवता येतात? येतात. उंट हाकता येतो? येतो. नाही म्हणणारा माणूस आल्या पावली परत.

त्यात ताजुद्दीनची वेळही वाईट होती. मार्चमध्ये तो अल खफजीला एका ठेकेदाराकडे लागला होता. ऑगस्टमध्ये इराकी फौजा शेजारच्या कुवेतमध्ये शिरल्या आणि सरहद्दीवरच्या त्या गावातलं बांधकाम जिथल्या तिथे थांबलं. ठेकेदाराने हात वर केले. जाता जाता एवढी मेहेरबानी केली, की दुसरा कफील शोधायला परवानगीचा कागद लिहून दिला. कफील म्हणजे ज्याच्या नावावर तुमचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, निघतो तो मालक. मध्य नोव्हेंबरपर्यंत नवा कफील मिळाला तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळायचा. हनीफ नावाचा गाववाला जेद्द्यात ड्रायव्हर होता. त्याच्या भरवशावर ताजुद्दीन दीड हजार किलोमीटर बसने हादरे खात तिकडे आला, आणि हनीफनेच त्याला अबू झैदसमोर उभं केलं.

घरी परतायची ताजुद्दीनला धास्तीच होती. गावभर लोकांची घरं बांधणाऱ्या या माणसाला स्वतःचं घर नव्हतं. बायको बिलकिस दोन मुलींना घेऊन दिराच्या मागच्या खोलीत राहत होती आणि जावेची बोलणी खात होती. दोन वर्षं इथे काढायची आणि चार खोल्या बांधायच्या, एवढाच त्याचा बेत. शिवाय सात महिन्यांत परत आलेल्याला गाव काय म्हणतं हे त्याला नेमकं ठाऊक होतं. कारण तसं म्हणणाऱ्यांत आजवर तोच पुढे असायचा.

अबू झैद निवृत्त शाळामास्तर. हजला येणाऱ्यांच्या संगतीत मोडकंतोडकं हिंदी शिकलेला. शहराबाहेर तो घर बांधत होता आणि पुढच्या व्हरांड्याला त्याला पाच दगडी कमानी हव्या होत्या. दोन बांधून झाल्या होत्या. त्या बांधल्या जलालने. जलाल येमेनी, पन्नाशी उलटलेला, आपल्याकडच्या मजुरांबरोबर राबून हिंदी बोलायला शिकलेला. सगळे त्याला मुअल्लिम म्हणत, म्हणजे आपला उस्ताद. बावीस वर्षं तो जेद्द्यात होता, आणि इतक्या वर्षांत त्याला कफील लागला नव्हता, कारण येमेनी लोकांना तो लागतच नसे. पण या लढाईच्या राजकारणात इथल्या आणि येमेनच्या सरकारचं फाटलं आणि सप्टेंबरात हुकूम निघाला, की येमेन्यांनीही मध्य नोव्हेंबरपर्यंत कफील शोधावा, नाहीतर जावं. रोज ट्रक भरभरून दक्षिणेच्या रस्त्याला लागत होते. गाद्या, फ्रीज, शिलाई मशीन, आणि त्यावर बसलेली म्हातारीकोतारी.

"माझ्या नावावर एकच माणूस बसतो," अबू झैद म्हणाला. "दहा दिवस जलालबरोबर काम कर. मग बघू."

तिसऱ्या कमानीचं सेंट्रिंग, म्हणजे खालचा लाकडी साचा, उभाच होता. ताजुद्दीनने अल्लाचं नाव घेतलं, खिशातून सपाटी तपासायची पाणसळ काढली आणि पहिला दगड असा सपाट बसवला की वर पाण्याचा थेंब ठेवला तरी हलू नये. दुसराही तसाच. तिसराही.

जलाल चहा पीत बघत होता. "अरे हिंदी," हिंदुस्तानी माणसाला तिकडे म्हणतात तशी हाक मारत तो हळूच म्हणाला, "कमान बांधतोस की जिना?"

ताजुद्दीनचं खोटं पहिल्याच दिवशी उघडं पडलं होतं. तेवढ्यात आवाराच्या टोकाकडून अबू झैदने ओरडून विचारलं, "कसा आहे नवा माणूस?"

जलालने एकदा ताजुद्दीनकडे बघितलं. "हात चांगला आहे!" तो ओरडला. मग त्याने ती पाणसळ काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि तिन्ही दगड उपटले.

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. जलालने साच्याच्या तळाशी मधोमध खिळा ठोकला आणि त्याला दोरी बांधली. दोरी ताणून धरायची आणि प्रत्येक सांधा तिच्या रेषेत आणायचा. "जमिनीकडे बघून दगड बसवू नकोस. खिळ्याकडे बघ." डावीकडे एक दगड, की उजवीकडे एक. एकीकडेच वाढवलीस तर साचा कलंडेल. बाराव्या वर्षी ताजुद्दीनला ओळंबा धरायला शिकवणाऱ्या चुलत्याने चांगले धपाटे घातले होते. या माणसाने एकदाही आवाज चढवला नाही. आणि शिव्याशापांची सवय झालेल्या ताजुद्दीनला त्यानेच जास्त कसंतरी व्हायचं.

हनीफला हे सांगितलं तर त्याने कपाळावर हात मारला. "ताजभाय, तुला येड लागलां काय? त्याचाही डोला त्याच जागेवर असणार. एक दिवस मास्तरला सांगंल, याला काय येत नाय म्हणून. मग तू घरी आनि तो हितं."

खरंच होतं ते. जलालने एक शब्द टाकायचा अवकाश होता. ताजुद्दीन रोज सकाळी, आज हा सांगणार असं धरून कामावर जायचा आणि जलाल रोज तीच दोरी ताणून उभा असायचा. सहाव्या दिवशी कमानीचा मधला शेवटचा दगड बसला. तोवर ताजुद्दीनच्या भीतीची शरम झाली होती. दुपारी जेवताना त्याला राहवलं नाही.

"मुअल्लिम, तुम्ही मास्तरांना विचारलंत का? तुमचे कफील व्हायला?"

जलालने रोटी तोडून त्याच्यापुढे ठेवली. "खा. गार होतेय."

पुढच्या आठवड्यात, मुदत संपायच्या दोन दिवस आधी, जलालचा ट्रक फाटकाशी येऊन थांबला. वर त्याची बायको, दोन मुलगे, सून, कडेवरचं नातवंड, आणि कपाटाला पाठ टेकून बसलेली त्याची आई. सेंट्रिंग काढायचा तोच दिवस होता. जलाल उतरून आला आणि कमानीच्या बरोबर खाली जाऊन उभा राहिला.

"बाजूला व्हा, मुअल्लिम," ताजुद्दीन म्हणाला.

"तू काढ."

ताजुद्दीनने पाचरी ठोकून काढल्या. साचा खाली बसला. वाळू झरल्यासारखी चिमूटभर माती जलालच्या खांद्यावर पडली, आणि कमान होती तिथेच राहिली.

"खलास, हिंदी, झालं काम!" अबू झैद खूश होऊन म्हणाला. "उद्या पासपोर्ट घेऊन ये."

आठ महिन्यांत एवढा आनंद ताजुद्दीनला झाला नव्हता. आणि त्याच क्षणी ट्रकवर चढणाऱ्या जलालची पाठ दिसली, तेव्हा त्याला स्वतःची एवढी लाजही कधी वाटली नव्हती. तो ट्रककडे धावला. जलालने वरून सांगितलं, "चौथीचं सेंट्रिंग काढायची घाई करू नकोस." ट्रक गेला.

रात्रभर ताजुद्दीनने कूस बदलली. सकाळी पासपोर्ट मास्तरांच्या टेबलावर ठेवायच्या आधी त्याने मनातलं सगळं बोलून टाकलं. मला कमान येत नव्हती, मी खोटं बोललो, मुअल्लिमनी मला पाठीशी घातलं, ही जागा त्यांची आहे. आता घरी पाठवलंत तरी माझी तक्रार नाही.

अबू झैदने चष्मा काढून पुसला. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "जलालने पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. म्हणाला, येत नाही, पण शिकेल."

"मग... मग त्यांना का नाही ठेवलंत?"

"त्याच्या नावाचे कागद मी भरून ठेवले होते. तू यायच्या आधीच. त्यानेच परत आणून दिले." अबू झैदने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मी म्हटलं, बावीस वर्षांचं बस्तान असं सोडतोस? तर म्हणाला, कागदावर नाव बसणार एकट्याचं. आई, बायको, मुलं त्या बाजूला आणि मी या बाजूला, असं जगून काय करू? मला एकट्याने राहता येत नाही. हे हिंदी लोक कसे राहतात कोण जाणे. त्यांना येतं, तर त्यांच्यातल्याच एखाद्याला दे."

ताजुद्दीनला हसू आलं. ज्या गोष्टीसाठी तो दीड हजार किलोमीटर धावला होता, खोटं बोलला होता, दहा दिवस जीव मुठीत धरून राबला होता, ती गोष्ट त्या माणसाने फुकट मिळत असताना नको म्हटली होती. त्याने पासपोर्ट टेबलावर ठेवला. न ठेवून करतो काय? चार खोल्या अजून उभ्या राहायच्या होत्या.

शुक्रवारी त्याने गावी शेजारच्या मुकादमांकडे फोन लावला. बिलकिस धापा टाकत आली.

"अवो, हितं सगली म्हनतात तितं लडाई होनार. लोकां परत येतात, आनि तुम्हाला काम मिलालां? कसां काय?"

मागे धाकटी रडत होती, कोणीतरी तिला गप्प करत होतं. ताजुद्दीन तो आवाज ऐकत राहिला.

"हॅलो? अवो, कसां मिलालां?"

"त्यांना," ताजुद्दीन म्हणाला, "एकटा माणूस पायजे होता."