बहुरूप्यासाठी आडवी झालेली काठी

मी एक जुनी, मधोमध चिरलेली वेळूची काठी आहे. एका पोलीस ठाण्याच्या खोलीत मला कोपऱ्यात उभं केलंय. गळ्यात चिठ्ठी, चिठ्ठीवर लाखेचा शिक्का. गुन्ह्याची साक्ष देणाऱ्या वस्तूला मुद्देमाल म्हणतात, मित्रांनो. तो गुन्हा कसा घडला, ते सांगते.

मी तेव्हा दोन पुरुष उंच होते. मुंजाजी टेलिफोनच्या तारांवर रोजंदारीनं काम करायचा. माझ्या टोकाला लोखंडी आकडा बसवून तो बाभळीत अडकलेल्या तारा उचलायचा. वारं सुटलं की तार तुटे, आणि कुठं बाळंतपण अडलेलं असे, कुठं मयत कळवायची राहिलेली असे. तार जोडली की मुंजाजी खांबावरूनच खणखणीत आवाज द्यायचा, "हॅलो, बोला." राणीसावरगावच्या बाजूला लोक त्याला 'हॅलो मुंजाजी'च म्हणत.

पुढं मोबाइल आले, तारा उतरल्या, काम सुटलं. मुंजाजी गावचा पोलीस पाटील झाला. गावातल्या भांडणाची, चोरीची पहिली खबर ठाण्याला द्यायची ती त्यानं. त्यानं मला खांद्याइतकं कापलं, तेल पाजलं आणि सोबतीला घेतलं. बांधाच्या वादात कुऱ्हाडी निघाल्या की मला दोन्ही हातांनी धरून तो मधे घुसायचा. एकदा कुऱ्हाड माझ्या अंगात रुतली आणि तिचं पातं घसरून त्याच्या बोटाला लागलं. त्याची आई केशरबाई हळद दाबत म्हणाली, "मुंज्या, तुला मरायची लय घाई झालीय."

"लय न्हाई गं माय, थोडीच हाय."

मग गेल्या वर्षीची सुगी आली. सुगीनंतर दरसाल लिंबाजी बहुरूपी आमच्या गावात यायचा. अंगात खाकी, छातीवर पत्र्याचा बिल्ला, ओठावर चिकटवलेली मिशी. दारात उभं राहून तो खोटं वारंट वाचायचा, "बायकोच्या हातचं खाऊन नावं ठेवता, अशी तक्रार हाय. चला." पोराचा हात धरून त्याला 'अटक' करायची आणि आईनं सूपभर ज्वारी घालून पोर सोडवायचं, ही जुनी गंमत होती.

प्रियांकाला ती ठाऊक नव्हती. ती शहरात वाढलेली, गावात नवी. मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ पाहून तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. दारात तिच्या सहा वर्षांच्या राजेश्रीचा हात एका अनोळखी खाकीवाल्याच्या हातात दिसला. पोरीला आत ओढून तिनं कडी लावली आणि गावाच्या ग्रुपवर बोलून निरोप टाकला, "पोलिसाच्या ड्रेसात पोरं धरणारा आलाय. माझ्या लेकीला न्यायलाय. लवकर या."

मोटारसायकली भरभरून पोरं आली. लिंबाजीला वाटलं, खेळाला गर्दी जमली. त्यानं हसत सलाम ठोकला. त्यांतल्या हरिओमनं त्याची मिशी धरून ओढली, ती हातात आली.

"मिशी खोटी, माणूस खोटा," हरिओम म्हणाला.

पहिला दगड लिंबाजीच्या कानशिलावर बसला. तो पडला, तशा लाथा सुरू झाल्या. बरगडी मोडल्याचा आवाज मी लांबून ऐकला, कारण तोवर मुंजाजी मला घेऊन तिकडं पळत सुटला होता. तो गर्दीत घुसला, मला आडवं धरलं.

"आरं, ह्यो बहुरूपी हाय. ह्याच्या बापानं तुमच्या आज्याला अटक केलीती."

कुणी हसलं नाही.

"पाटील, तुमाला हिस्सा किती मिळतो?" हरिओमनं विचारलं. दोघांनी मुंजाजीचे दंड धरले, हरिओमनं मला हिसकून घेतलं.

मित्रांनो, काठीला नाही म्हणता येत नाही. मी लिंबाजीच्या गुडघ्यावर पडले, मग हातावर. मुंजाजी दंड सोडवून लिंबाजीच्या अंगावर पालथा पडला. मग मी मुंजाजीच्या पाठीवर पडले. मानेवर. डोक्यावर. त्याच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा वास मला ओळखीचा होता, आता त्यात रक्त मिसळलं. तिथंच मी चिरले.

कडी वाजली. प्रियांका बाहेर आली. "थांबा. पोरीला कुणी नेलं न्हाई. ती घरातच हाय."

हरिओमचा हात वरच राहिला. "मग वहिनी, आदुगर का सांगितलं न्हाई?"

"तुमी तरी कुठं विचारलं?" ती म्हणाली. एवढं बोलून ती उंबऱ्यातच बसली.

लिंबाजी वाचला. त्याचा एक हात आता वर जात नाही. मुंजाजी दवाखान्यात वारला. केशरबाई ठाण्यात आली होती, मला पाहायला. हात लावू देत नाहीत, म्हणून लांबूनच पाहून गेली. प्रियांकानं जबाब दिला, "ग्रुपवरचा त्यो आवाज माझाच हाय." तिला कुणी भाग पाडलं नव्हतं.

आम्हां काठ्यांना तेल पाजा, ओलीत ठेवू नका, असं मी एरवी सांगितलं असतं. आता तुमच्याकडं एकच मागणं आहे. दारात अनोळखी माणूस आला आणि घाबरून आईचा अंगठा मोबाइलकडं गेला, तर तिचा पदर ओढा आणि म्हणा, "आई, आधी त्याला नाव तर विचार."